रात्रीची गोळी

गल्लीत शिरताच खाऱ्या बांगड्याचा खमंग वास आला आणि निशिगंधाने करकचून ब्रेक दाबला. मांडवीच्या माणसाला या वासाने भूक लागते. तिला धडकी भरली. तिने स्कूटर कशीबशी माडाला टेकवली आणि घराकडे धाव घेतली.

शेजारच्या पडवीत रझियाचाची जेवायला बसली होती. तिने घास धरलेला हात उंच केला. "निशी, ये गो जेवायला! बघ, एक शीत तरी सांडलंय काय?"

थांबायला सवड नव्हती. वास चाचीकडचा आहे, एवढंच निशिगंधाच्या ध्यानात आलं. पण त्याने धीर येईना. दोन्ही घरांमधलं कुंपण नावालाच होतं. रझियाच्या तव्यावरचा तुकडा बाबांच्या ताटात कधी पोचेल याचा नेम नसायचा.

बाबा म्हणजे केरू. मांडवीच्या धक्क्याला लागणाऱ्या निम्म्या होड्यांवरची नावं त्यांच्या हातची. मग तोच हात थरथरायला लागला. डॉक्टरांच्या गोळ्या पोटात टिकेनात. बाबांनी ब्रश धुऊन ठेवून दिले आणि ते समुद्राकडे पाठ करून बसायला लागले. ते निशिगंधाला बघवेना.

मिरजोळ्याच्या ज्या प्रयोगशाळेत ती केमिस्ट होती, तिथे याच दुखण्यावर औषध शोधणं चाललं होतं. मेंदूत हाताला ताब्यात ठेवणारं एक द्रव्य असतं आणि एक एन्झाइम ते फस्त करत असतं. त्या एन्झाइमला कुलूप घालणारं औषध त्यांनी घडवलं होतं. उंदरांची थरथर थांबली होती. माणसाला द्यायला अजून काही वर्षं होती. पण बाबांकडे वर्षं कुठे होती? श्रावण लागला तशी तिने लॅबमधली भुकटी चोरून आणली आणि कॅप्सूलमध्ये भरली. शक्तीच्या गोळ्या आहेत म्हणून सांगितलं. सकाळी एक, रात्री एक.

आणि हात खरंच सावरला. रझियाच्या लेकाची, झुबेरची, नवी होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात जायची होती. तिच्यावर नाव मीच घालणार, असं बाबांनी परस्पर कबूलही करून टाकलं. हाताबरोबर जिभेलाही पालवी फुटली. काल रात्री म्हणत होते, "रझियाभाभीचा खारा बांगडा आठवतो गो. एक दिवस श्रावण मोडला तर देव काय फासावर देणार?" तेव्हा ती पोट धरून हसली होती.

आज दुपारी लॅबच्या प्रमुख दमयंती मॅडमनी सगळ्यांना बोलावून नवा निकाल सांगितला. त्या एन्झाइमचा एक सख्खा भाऊ पोटात असतो. खारवलेल्या, सुकवलेल्या, मुरवलेल्या खाण्यात जे घातक तयार होतं, त्याचा तो बंदोबस्त करतो. औषधाने त्याच्या वाटेला जायचं नव्हतं. पण ते अंगात साठत गेलं की त्यालाही कुलूप घालतं, असं आता दिसलं होतं. उंदरांचं काही बिघडलं नाही, कारण उंदरांना कोणी खारी मासळी वाढत नाही.

"आधी मानेत कळ येते," मॅडम म्हणाल्या. "मग रक्तदाब असा चढतो की मेंदूतली शीर फुटावी. नशीब, अजून कुठल्या माणसाला दिलेलं नाही."

निशिगंधा खाली मान घालून उठली. वाटेत तिने बाबांना फोन केला, पुन्हा केला. त्यांनी उचलला नाही.

बाबा मागच्या पडवीत फळकुटावर अक्षरं गिरवत होते. ती तडक स्वयंपाकघरात घुसली. एकेक झाकण उचलून बघितलं. दुधीची भाजी, भात, ताक.

"काय गो, धाड पडल्यासारखी भांडी काय उचकतेस?"

"बांगडा खाल्लात तुम्ही?"

"श्रावणात?" बाबा हसले. "जिभेने बोललो म्हणून पोटाने पाप करीन होय?"

तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि लहान पोरीसारखी रडली. बाबा गोंधळून बघत राहिले. त्यांच्या हातातला ब्रश जराही हलत नव्हता. आता तो पुन्हा थरथरणार. त्याचं तिला फार वाईट वाटलं, पण बाप जिवंत होता. गोळ्या थांबवायच्या आणि गप्प बसायचं. लॅबला कळायचं कारण नाही, बाबांनाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिने डोळे पुसले. "बाबा, त्या गोळ्या आजपासून बंद. उरलेल्या मला द्या."

"बंद? मग रझियाभाभीला पण सांग तसं."

"चाचीला? का?"

"सकाळची मी घेतो, रात्रीची तिला देतो, पहिल्या दिवसापासून. तिचा पण हात माझ्यासारखाच हलायचा ना गो. शक्तीची गोळी एकट्याने काय खायची?"

निशिगंधा उभी राहिली.

कुंपणापलीकडून रझियाचा आवाज आला. ती नातीला हाक मारत होती. "अमरीन, हात धुतलास काय? मग ये, माझी मान चोळ जरा. मागून कसलीशी कळ येतेय."