पहिलं तिकीट

शाळेतल्या गोळीबारात माझी नात मकेना पायांनी अधू झाली, तेव्हा आमचं टेनेसीतलं अख्खं गाव बंदुकांवर बंदी नको म्हणणाऱ्यांवर उलटलं. मग त्यांच्या संघटनेचा क्लेटन गोड हसत घरी आला. "आजी, पोरीच्या ऑपरेशनसाठी चर्चमध्ये सोडत ठेवू. बक्षिसाची रायफल आमच्याकडून."

"निवडणुकीआधी मतं फिरवायला आलायस, मेल्या! पण ऑपरेशन अडलंय, ठेव," मी म्हणाले. फुकटचं घेणारी मी नव्हे, म्हणून पहिलं तिकीट मीच घेतलं. उरलेली, कालपरवा रडणाऱ्या त्याच गावानं हातोहात संपवली.



नंबर माझाच लागला, आणि नातीच्या व्हीलचेअरमागे मला रायफल धरून उभं करत क्लेटन म्हणाला, "हसा ना आजी, निवडणुकीच्या पत्रकावर हाच फोटो जाणार आहे."