बाभळीखालची मरळ

"ह्याला फक्त पापण्या तेवढ्या लावायच्या राहिल्यात," आसाराम म्हणाला आणि रबराचा मासा त्यानं तळहातावर उलटा केला. पोटात शिसं, पाठीवर गळ, आणि शेपूट तर नुसत्या श्वासानंही हलत होती.

"हसू नका, आबा. ह्याच्यावर मरळ आलीच पाहिजे," भागवत म्हणाला.

"गेल्या साली चांदीचा पत्रा आणला व्हतास. त्याच्या आधी लाल शेपटीचा. तवाबी आलीच पाहिजे म्हणला व्हतास."

"आलती की! दोरा तोडून नेला, त्याला मी काय करू?"

दगडाबाई चुलीपुढं भाकरी थापत हसली. तिचा हा लेक पुण्याला कंपनीत होता आणि गावाकडं यायचं म्हटलं की त्याच्या सुट्टीला कायम सर्दी झालेली असायची. जत्रेला बोलावलं, सुट्टी नाही. नव्या खोलीवर स्लॅब टाकला, सुट्टी नाही. मामाच्या लेकीच्या लग्नात त्यानं फोनवरूनच अक्षता टाकल्या. पण उन्हाळ्यात आसारामनं नुसतं एवढं कळवायचं, 'काल मरळ वर आलती,' की साहेब दुसऱ्या दिवशी दारात हजर. सोबत नवा डबा, डब्यात नवं आमिष.

या मरळीची ओळख जुनी होती. भागवत लहान असताना आईबाप ऊसतोडीला जायचे आणि तो अर्धं वर्ष आजीजवळ राहायचा. पाडव्याच्या सुमाराला टायरची बैलगाडी परत आली, की पोरगं रुसून कणगीमागं बसायचं. एका वर्षी आसारामनं बैल सोडले आणि त्याला तसंच खांद्यावर टाकून धरणाच्या मागच्या पाण्यावर नेलं. तिथं बुडालेल्या बाभळीपाशी एक मरळ श्वास घ्यायला वर आली. लहान मुलाएवढी होती. पोराचा आ वासलेलाच राहिला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा ते आपणहून बापाशी बोललं.

बैल कधीच विकले होते. गाडी तेवढी अंगणात होती, एका बाजूनं दगडांवर टेकवलेली. तिकडच्या चाकाला टायर नव्हता. कोंबड्यांनी तिच्याखाली संसार मांडला होता.

"यंदा शेवटचं, आबा," भागवत ताटावर बसता बसता म्हणाला. "साहेबाला काय सांगू, माशासाठी सुट्टी द्या? न्हाई गावली तर नाद सोडला."

दगडाबाईचा हात भाकरीवर थांबला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. आसारामनं रबराचा मासा जपून डब्यात ठेवला.

"बघू," तो म्हणाला.

ऊन कलल्यावर दोघं पाण्यावर गेले. आसाराम नेहमीप्रमाणं वळसा घालून ओघळीच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसला. दोन गळ एका काठाला नकोत, गुंततात, असं त्याचं म्हणणं. बाभळीचा काळा बुंधा दोघांच्या मधोमध पाण्यात उभा होता. आसारामकडं काठी नव्हती. जाड नायलॉनचा दोर हाताला गुंडाळलेला आणि दुसरं टोक पाण्यात. ते त्यानं सकाळीच सोडलेलं होतं.

"आबा, त्यानं म्हैस बांधा!" भागवत इकडून ओरडला. "आन् लावलंय काय?"

"नेहमीचंच. जुनं हाय, पण भरवशाचं."

भागवतनं रबरी मासा कितीदा तरी फेकला. शेपूट पाण्यात अशी लवलवायची, की माणसालाही भूल पडावी. मरळीला पडली नाही. बगळे झाडांवर परतायला लागले, तसं त्याचं तोंड उतरलं. त्यानं डब्याचं झाकण शोधलं.

"का उठतो रं?" पलीकडून आवाज आला. "एक डाव बाभळीच्या पार बुडाशी टाक. आजून आत. सोड खाली."

भागवतनं टाकला. मासा खाली गेला. अडकला.

आणि काठी धनुष्यासारखी वाकली.

बाभळीखालचं पाणी आतून फुगलं, फुटलं, आणि त्यातून एक काळी पाठ वर आली. रुंद, ओली, उतरत्या उन्हात चकाकणारी, आणि तिच्यावर खवल्यांच्या रांगाच्या रांगा. क्षणभर ती तशीच पाण्यावर राहिली. मग पलीकडं वळली आणि खाली गेली. दोरा ताडकन तुटला.

भागवत गुडघाभर पाण्यात उभा होता. हातात नुसती काठी. त्याला भीतीही वाटत होती आणि हात जोडावेसेही वाटत होते. पलीकडं आसाराम पार मागं रेलला होता, टाचा चिखलात रुतलेल्या, छाती भात्यासारखी वरखाली.

"आबा! पाहिली का?"

"पाहिली."

"केवढी झालीय! आपल्या वेळची तीच हाय ही. तीच!" भागवतचा आवाज लहानपणचा झाला होता. "मी दिवाळीला येतो. जाड दोरा आणतो."

"दिवाळीत पाणी चढलेलं असतंय."

"चढू द्या की. चार दिवस जास्ती राहीन."

आसारामनं दोर पाण्यातच राहू दिला आणि हातातलं टोक दगडाखाली दाबलं. इतका आनंद त्याला वर्षभरात झाला नव्हता.

सकाळी युसूफ वडगावच्या स्टँडवरून भागवत एसटीनं गेला. त्याला बसवून नवराबायको परत निघाली, ती घरी न जाता पाण्यावर आली.

"गाठ बघा बरं," दगडाबाई म्हणाली. "दिवाळीला येतो म्हणलाय."

आसारामनं दोर हातावर घेतला आणि हळूहळू ओढला. पाण्यातून बैलगाडीच्या टायरचा अर्धा तुकडा वर आला. त्याच्या नक्षीत रुतलेला रबराचा मासा अजून शेपूट हलवत होता, आणि त्याच्या शेजारी, गंजलेल्या गळांनी घट्ट धरून, चांदीचा पत्रा, लाल शेपटीचा, हिरवा, पिवळा, भागवतनं आजवर आणलेले सगळे.