जोडी जमली की हलायचं नाही

खेळाडूंच्या बाल्कनीतून आपलं मैदान पाहायचं, हे प्रमिलाकाकूंचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. सोडतीत पास लागला आणि त्या ड्रेसिंग रूममध्ये शिरल्या, तेव्हा धावांचा पाठलाग करताना आपला संघ आठ गडी गमावून बसला होता. बाल्कनीच्या दारापाशी काकूंच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या वाकल्या आणि बाहेर षटकार गेला.

“काकू, आता हलायचं नाही!” बाद होऊन आलेला कप्तान ओरडला.

हे काय काकूंना सांगायला हवं? जोडी जमली की घरीसुद्धा त्या कुणाला जागा सोडू देत नसत. इथे तर एक गोलंदाज अर्धं केळं तोंडात धरून पुतळ्यासारखा बसला होता. काकूंना समोर दिसत होते फक्त वाळत घातलेले टॉवेल. गुडघे ठणकायला लागले, तरी त्या वाकलेल्याच राहिल्या.

शेवटच्या चेंडूवर गलका उठला. “जिंकलो!” म्हणत सगळे बाल्कनीत धावले आणि एकदम शांतता पसरली. निर्णय तिसऱ्या पंचांकडे गेला होता.

“कुणी सांगितलं होतं उठायला?” काकू कडाडल्या.

सगळे निमूट जागेवर परतले. गोलंदाजानं केळं पुन्हा तोंडात धरलं.

मैदान दुसऱ्यांदा दणाणलं, तेव्हा कुठे काकूंनी कंबर सरळ केली. “चला, आता बघू आपलं मैदान.”