बिस्किटांच्या डब्यातली किल्ली

"मागे बघू नकोस," ग्रॅम म्हणाला.

कोरलने तरीही आरशात पाहिलं. राखाडी पिकअप मोठ्या रस्त्यापासून त्यांच्या मागेच होती. "प्लंबर असेल रे कुणीतरी."

"मागच्या वेळीही प्लंबरच आला होता वाटतं?"

त्यांची आधीची गाडी भर दुपारी चोरीला गेली होती. चोरांनी काच फोडली नाही की कुलूप तोडलं नाही. एकजण यंत्र घेऊन पुढच्या दाराशी उभा राहिला, आतल्या खुंटीवरच्या किल्लीचा सिग्नल त्याने दाराबाहेरूनच ओढून घेतला, आणि दुसरा बटण दाबून गाडी घेऊन गेला. त्या आठवड्यात कोरलचं डायलिसिस चुकलं. पाय सुजले, श्वास लागला, अँब्युलन्स बोलवावी लागली. पुन्हा असं होऊ देऊ नका, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यांचा चेहरा ग्रॅम विसरला नव्हता.

आता ही नवी गाडी होती, अर्धी विजेवर आणि अर्धी पेट्रोलवर चालणारी. मांजरीसारखी बिनआवाजाची; बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू व्हायचं. तिच्यासाठी ग्रॅमने ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगमधलं ते छोटं घर किल्ल्यासारखं केलं होतं. गॅरेजच्या विजेच्या दाराला वरून तार घालून चोर दार मोकळं करणारी आतली दोरी ओढतात असं कळल्यावर त्याने दोरी बांधून टाकली, फटी रबराने बुजवल्या. किल्ली पत्र्याच्या डब्यात ठेवायची, म्हणजे सिग्नल बाहेर पडत नाही, हेही तो शिकला.

शेजारचा, टोंगा बेटांवरून आलेला टेविटा कुंपणावर रेलून हसायचा. "अरे गड्या, आत गाडी आहे की राणीचा मुकुट?"

"राणीच आहे माझी," ग्रॅम म्हणायचा.

गल्लीत वळताच त्याने रिमोट दाबला. दार वर गेलं, गाडी आत आली, दार खाली आलं. पिकअप पुढे गेली की थांबली, कळलं नाही. त्याने कोरलला हात धरून उतरवलं, घरात नेलं, आणि आधी किल्ली बिस्किटांच्या डब्यात टाकून झाकण दाबलं. मागे गाडी टुंगटुंगली. या नव्या गाड्या कशासाठी ना कशासाठी टुंगटुंगतातच.

गॅरेजमधून घरात येणारं दार त्याने उघडंच ठेवलं. खुट्ट झालं तरी ऐकू यायला हवं.

"डोकं जड झालंय," कोरल कोचावर आडवी होत म्हणाली.

"डायलिसिसच्या सुयांचा दिवस आहे ना. पड जरा."

"तूही पड. रात्ररात्र जागतोस वेड्यासारखा."

"तू बरी राहा, मग झोपेन."

"मग झालंच तुझं झोपणं!" ती हसली.

तो तिच्या पायाशी बसला. ऊन भिंतीवरून हळूहळू उतरत होतं. गॅरेजमधला बियरचा जुना फ्रिज घुरघुरत होता, अंगाईसारखा. त्याचेही डोळे मिटायला लागले. किती दिवसांची झोप ही, त्याला वाटलं.

धाड!

गॅरेजच्या दारावर. मग पुन्हा. कुणीतरी दार खालून उचलायला बघत होतं, पत्रा करकरत होता.

आले. ग्रॅमला उठायचं होतं, पण पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे पडून होते. भीतीनेच, त्याला वाटलं. त्याने कोरलचा हात घट्ट धरला.

"ऐकतेस? हलत नाहीये दार. नाही नेऊ शकत ते."

ती काही बोलली नाही. गाल गुलाबी दिसत होते, कधी नव्हे इतके. बरं झालं, झोपली.

बाहेरचा माणूस आता पहारीने दार उचकटत होता. आणि ओरडत होता. किल्ला बुलंद आहे, ग्रॅम मनाशी म्हणाला, आणि त्या आवाजाकडे कान दिला. आवाज टेविटाचा होता.

"ग्रॅम! उघड रे बाबा! आत इंजिन चालू राहिलंय तुझं! विषारी धूर कोंडतोय घरात!"