झाकणाचा नाद

माझा एकुलता एक भाऊ एदमों स्वतःला लायटरमधला मोठा जाणकार समजतो. पॅरिसमधल्या आमच्या कोपऱ्यावरच्या कॅफेत बसला, की सोन्याच्या लायटरचं झाकण टण्णकन वाजवतो, आणि शेजारच्या टेबलांनी वळून पाहिल्यावरच कॉफी मागवतो. काल माझ्या नवऱ्यानं, लूसियेंनं, खिशातून आपला लायटर काढला, तसा एदमोंनं तो हिसकावून घेतला आणि अस्सल आहे का ते नादावरून ओळखायला कानाशी धरून झाकण उघडलं.

"शी! अहो दाजी, हा पत्र्याचा डबा वाजतोय. शंभर टक्के नकली!"

मग तो टेबलावर टाकून, तोंडात सिगरेट धरून त्यानं स्वतःचा अस्सल लायटर उघडला. टण्ण. परत टण्ण. नाद अगदी चर्चच्या घंटेसारखा, पण ज्योत काही येईना. लूसियेंनं आपला पत्र्याचा डबा उचलून पुढे केला. तो एका झटक्यात पेटला.

धूर सोडत एदमों म्हणाला, "पेटला म्हणून काय झालं? असलं भंगार तुमच्या गळ्यात मारलं तरी कोणत्या भिकारड्यानं?"

लूसियें कपात बघत राहिला. इतकी वर्षं तो असाच कपात बघत आलाय.

"आमच्या लग्नात मिळालाय, मखमली डबीतून," शेवटी मीच म्हणाले. "माझ्या भावानं दिला."