नमुन्याची खोली

छपरावर झाडं उगवलेल्या जुन्या टपाल कचेरीचं हॉटेल करावं की नाही, यावर आमच्या समितीत तीन वर्षं खल चालला होता. विरोधकांची मनं वळावीत म्हणून बिल्डरने एक खोली नमुन्यादाखल सजवून दिली.

रोज सकाळी तिथल्या एका उशीवर डोक्याएवढा खळगा पडलेला असे.

"रखवालदार झोपतोय फुकटात," अध्यक्ष म्हणाले. "उद्यापासून घरी बस म्हणावं त्याला."

रखवालदार कधी नव्हे तो चिडला. "साहेब, एकवीस वर्षं स्टुलावर काढली. या वयात मला दुसरं कोण ठेवणार? खोलीला सील लावा, मग बोला."

समितीने रिवाजाप्रमाणे आधी ठराव केला. मग उशा झटकल्या, खिडकीला आतून कडी घातली आणि दाराच्या सीलवर दोन्ही गटांनी सह्या केल्या. एवढं एकमत त्या इमारतीत प्रथमच झालं. रखवालदाराला अध्यक्षांनी आपल्याच घरी मुक्कामाला नेलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही सगळ्यांनी सह्या तपासल्या, सील तोडलं आणि आत गेलो. खिडकीची कडी जागच्या जागी होती. उशीवर खळगा होताच.

"आता तरी माझी नोकरी राहिली ना, साहेब?" रखवालदाराने मोठ्याने विचारलं.

"राहिली रे बाबा," अध्यक्ष म्हणाले. "पण जरा हळू बोल."

आमच्या देखत तो खळगा सावकाश भरून आला, आणि भिंतीकडच्या उशीवर दुसरा पडला.