इतर हक्कात एक हेर

मालनबाई हेर नाही, असा लेखी निकाल मंगळवारी दुपारी लागला. पण तो लागलाच नाही असं धरून सोमवारपासून सुरू करावं लागेल, कारण सोमवारी ती वीज खात्याच्या माणसासमोर उभी होती आणि तो हसत होता.

"काकू, मोटरीला कनेक्शन पाहिजे तर सातबाऱ्यावर विहीर लागते. तुमच्या सातबाऱ्यावर हेर आहे."

"काय हाय?"

"हेर. गुप्तहेर. एक नग."

"वाचून दावा. मला सहीपुरतंच येतं."

त्यानं बोट ठेवून वाचलं. इतर हक्काच्या रकान्यात स्वच्छ छापलं होतं : हेर – १.

मालनबाईचं डोकं सणकलं. दोन एकर ज्वारी पोटरीत आली होती. विहिरीत पाणी होतं, ते वर काढायला वीज नव्हती. आठ दिवसांत पाणी फिरलं नाही तर कणसात दाणा भरणार नव्हता. आणि हा दात काढत होता.

ती तशीच तलाठी कचेरीत गेली. ऑपरेटर अमृत खोलीत बसूनही काळा गॉगल लावून टाईप करत होता. मागच्या भिंतीवर 'एजंट मार्तंड' या हेरपटाचं पोस्टर होतं, भाग एकोणिसावा. चाळीस वर्षांत चार नट म्हातारे झाले, मार्तंड पस्तिशीचाच राहिला. त्याच्या पायी गावात काय काय झालं होतं! सलूनवाला 'मार्तंड कट' मारायचा. लग्नपत्रिकांवर 'अतिगोपनीय' छापून त्या चारशे घरी वाटल्या जायच्या. ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा दार तीनदा वाजवून "हवा बदलली" म्हणायचा आणि मग घरपट्टीची नोटीस द्यायचा.

"हे तू लिवलंस?" मालनबाईनं सातबारा टेबलावर आपटला.

अमृतनं गॉगल नाकावर घेऊन पाहिलं. "जुन्या वहीत 'हीर' होतं. हीर असा शब्द नसतो, काकू. मी दुरुस्त केला."

"आमच्यात इहिरीला हीरच म्हनत्यात, मुडद्या!"

"मी शहरातला, सावेडीचा. आमच्यात नळ असतो."

"मंग खोड ते."

"तसं खोडता येत नाही. हेर नाही हे आधी जागेवर सिद्ध व्हावं लागतं. कलम एकशे पंचावन्न. अर्ज मी लिहितो, तुम्ही सही करा."

ती घरी पोचायच्या आत बातमी वस्तीवर पोचली होती. बांधाला बांध लागून असलेला वाल्मिक वाटेतच आडवा आला.

"मालनवहिनी, हेलिकॉप्टर कुटं उतरवलं? माज्या हरभऱ्यात न्हाई ना?"

"तुज्या टकुऱ्यावर उतरवते, थांब!"

सव्वीस वर्षं तिनं या गावात काढली होती. तिच्याकडे बोट दाखवायला कुणाला कधी जागा मिळाली नव्हती. आता शेंबडी पोरं तिला सलाम ठोकत होती. एका येड्यानं एक अक्षर बदललं आणि सव्वीस वर्षं मातीत! तिनं शेणाची पाटी अशी आदळली की जरशी गाय दावणीला बिचकली.

मंगळवारी मंडळ अधिकारी धनश्री मॅडम पंचनाम्याला आल्या. बरोबर लॅपटॉप घेऊन अमृत. पंच म्हणून वाल्मिक.

"ही बगा हीर! साठ फूट!" मालनबाई ओरडली. "डोळं फुटलं का सगळ्यांचं?"

"विहीर दिसतेय," मॅडम म्हणाल्या. "पण अर्ज हेराबद्दल आहे. कोट आहे का तुमच्याकडे?"

"न्हाई."

"परदेशी काही?"

"जरशी गाय."

अमृतनं ते टिपून घेतलं.

"इमारतीवरून उडी वगैरे?"

"गुडगं गेल्यात!"

आणि मग मालनबाईचा बांध फुटला. "बाई, हेर असते तर ह्या पत्र्याखाली राहिले असते व्हय? त्या मार्तंडाला बगा. उडायला इमान, बोट, मऊ गादी, पोटभर खायला! अन् मी? सव्वीस वर्सं शेन काढतीय. ना कुनी इचारलं, ना कुनी बगितलं. असला हेर असतो का कुटं? सांगा की, असतो का?"

तिचा आवाज चिरकला. वाल्मिकनं टोपी काढून हातात घेतली. मॅडम विहिरीत बघू लागल्या.

अमृतनं गॉगल उतरवला. "नसतो," तो हळूच म्हणाला. "एकोणीस भागांत एकदाही नाही."

हा पुरावा भक्कम होता. मॅडमनी लिहिलं, 'सदर गटात हेर आढळून आला नाही.' अमृतनं तिथंच एक बटण दाबलं. रकाना कोरा झाला.

"अन् हीर?"

"ती नवीन नोंद. नवा अर्ज, मोजणी, तीन महिने तरी," मॅडम म्हणाल्या. "संगणकाच्या कागदावर विहीर कधी नव्हतीच ना. हेर होता, आता तोही नाही."

"तीन म्हैन्यांत ज्वारीची वैरन बी उरायची न्हाई!"

"तसं लेखी द्या," मॅडम म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या.

मालनबाईनं हातातलं खुरपं विहिरीत भिरकावलं. जीप दिसेनाशी होईपर्यंत ती मॅडमच्या नावानं बोटं मोडत राहिली. मग घरात गेली, कडी लावली, हात धुतले, पिठाच्या डब्याखालचा कोरा कागद काढला आणि बारीक, वळणदार अक्षरात लिहू लागली :

'प्रति, मा. प्रमुख (पदनाम गोपनीय). महोदय, निम्नस्वाक्षरीकाराची ओळख उघड होण्याचा प्रसंग स्थानिक कार्यालयाच्या सहकार्याने टळला असून आता कोणताही संशय शिल्लक नाही. सव्वीस वर्षांच्या सेवेत शस्त्र, भत्ता अथवा रजा यांपैकी कशाचीही मागणी केलेली नाही. चित्रपटांतील हेरांना मोटारी पुरवल्या जातात, असे निदर्शनास आले आहे. त्याऐवजी निम्नस्वाक्षरीकारास पाच अश्वशक्तीची एक मोटर, वीजजोडणीसह, ज्वारी पोटरीत आहे तोवर मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.'